मागच्या खोलीची कडी

जहूर परकारने ओमानातल्या निझवाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. मागच्या वर्षी ते विकून तो सोहारला मुलाकडे राहायला आला. सकलैन तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर, सून झरीन शाळेत शिकवते. बायको हवाबी मात्र दाभोळच्या खाडीकाठी गावातच राहिली, ती लग्न झाल्यापासून एकदाही ओमानात आली नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी चहाची बशी जहूरच्या उजव्या हातातून निसटली. ती उचलायला तो वाकला, तो उठलाच नाही. इस्पितळात जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, ‘हां’. भूक लागली का, हां. नको का, हां. त्याला ‘नाय’ म्हणायचं असायचं, जीभ उचलायची, आणि तोंडातून यायचं ते ‘हां’च.

"अब्बा, दोन महिने नर्सिंग होममध्ये राहायचं," सकलैन म्हणाला. "तिथे रोज व्यायाम घेतात. घरी दिवसभर तुमच्याजवळ कोण थांबणार? इन्शाल्ला, चालत घरी याल. चालेल ना?"

"हां," जहूर म्हणाला.

नर्सिंग होम शहराच्या बाहेर, खजुरांच्या बागांच्या कडेला होतं. पांढरी शुभ्र इमारत, आपोआप सरकणारी काचेची दारं, फरशी अशी चकचकीत की खुर्चीची चाकं त्यात दिसायची. अंगणात एक जुनी विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी टाकून कुंड्या मांडल्या होत्या. विहिरीजवळून खुर्ची जाताना जहूरने मान वळवून तिच्याकडे पुन्हा पाहिलं. का, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते तिसऱ्या दिवशी. व्यायाम घेणारी मुलगी अकोल्याची निघाली, प्रणाली वानखेडे. मराठी पेशंट मिळाला म्हणून ती भलतीच खूश होती. मागच्या बाजूच्या मोठ्या खोलीत तिने त्याला नेलं, धरून उभं केलं आणि म्हणाली, "काका, दोन्ही पाय अनवाणी टाका या कोपऱ्यात. जमीन खडबडीत आहे, पायाला जाग येते."

जहूरने पाय टाकले. डाव्या तळव्याला बोटाएवढे जाड उंचवटे लागले, त्यांच्या मध्ये पन्हळी. उंचवटा, पन्हळ, उंचवटा, पन्हळ.

"हे जुनं आहे बरं का," प्रणाली सांगत होती. "पूर्वी इथे खजुराची पोती एकावर एक रचायचे. दाबाने पाक गळायचा, तो या पन्हळींतून मडक्यात जायचा. मालकांनी शोभेसाठी एवढा कोपरा तसाच ठेवलाय."

जहूरने डावा पाय एकदम मागे ओढला आणि त्याचा तोल गेला. प्रणालीने त्याला कसंबसं खुर्चीत बसवलं. ही जमीन त्याने पाहिली होती. तिच्यावर अंथरलेल्या चटया पाहिल्या होत्या आणि चटयांवर पडलेली माणसं.

"दमलात? जरा बसू या." प्रणाली स्टूल ओढून बसली. "इथे नंतर काय होतं माहितीये? गरिबांचं घर. कुणी धर्मादाय म्हणून ठेवलेलं. ज्याला कुणी नाही, जो वाटेत आजारी पडला, त्याने इथे यायचं. बैत अल-फुकरा म्हणायचे. ते बंद पडलं, वर्षानुवर्षं ओसाड होतं. आणि आता स्टाफमध्ये काय काय गोष्टी आहेत! ड्रायव्हर म्हणतो, सोन्यावर बसलेला जिन आहे. स्वयंपाकी म्हणतो, कुणी नवरी आहे. झाडूवाली तर दुपारी एकनंतर या खोलीत पाय ठेवत नाही. तिला म्हणे आतून कुणीतरी खोकताना ऐकू येतं. मग बोलतं. भाषा तिला कळत नाही, ना अरबी, ना हिंदी."

जहूर तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मी म्हणते, एसी असेल. पण एक आवाज मी स्वतः ऐकलाय काका. दाराची कडी लागल्यासारखा. ठक! आणि या दाराला कडीच नाही, बघा ना." तिने हसून काचेकडे बोट दाखवलं. "अगंबाई, घाबरलात की काय?"

"हां."

"हां म्हणजे नाही ना?"

"हां," जहूर म्हणाला. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

आतून कोण बोलतं आणि कुठल्या भाषेत बोलतं, हे त्या इमारतीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

साल शहात्तर. जहूर एकोणीसचा होता, इसाक त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. एकाच मोहल्ल्यातले, एकाच मदरशात शिकलेले. चोरून ओमानला आणणाऱ्या लाँचवाल्याने रात्रीच्या काळोखात त्यांना किनाऱ्यापासून लांब, गळ्याएवढ्या पाण्यात उतरवलं आणि तो निघून गेला. दोन दिवस दोघं मिठाने ताठ झालेल्या कपड्यांनी वाळूतून चालले. तिसऱ्या दिवशी इसाकला ताप भरला. कोळ्यांनी दोघांना गाढवावर घालून या घरात आणून सोडलं.

घराचा रखवालदार वाईट माणूस नव्हता. दोन वेळा खायला द्यायचा. पण खोकल्यातून रक्त पडलं की त्या माणसाला मागच्या खोलीत हलवायचं, असा तिथला रिवाज होता. दुपारचं खाणं झालं की रखवालदार त्या खोलीला बाहेरून कडी घालायचा, कारण तापाच्या भरात एक जण भर उन्हात विहिरीवर गेला होता आणि आत पडला होता. बाराव्या दिवशी इसाकला तिथे हलवलं. जहूर दाराखालच्या फटीतून त्याला पाणी द्यायचा, ओला फडका सरकवायचा.

मग एका दुपारी निझवाहून पिकअप आली. एका अर्बाबला, म्हणजे मालकाला, बांधकामावर माणसं हवी होती. त्याने जहूरचे दंड चाचपले आणि विचारलं, "एकटाच आहेस? आजारी तर कुणी नाही ना बरोबर?"

"एकटाच," जहूर म्हणाला.

"यल्ला, मग चल."

गाठोडं मागच्या खोलीबाहेर ठेवलेलं होतं. ते उचलायला जहूर गेला तेव्हा आतून इसाक म्हणाला, "जहूर, तू हास काय? कडी काढ रे. मी पण येतो. मना आता बरा वाटतो."

जहूर दारासमोर उभा राहिला. आणि पुढे त्याने जे केलं, ते त्याने आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

तो गाडीत बसला, गाडी गेली. अडीच महिन्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा तो धावत आला, तर खोली रिकामी, धुतलेली. रखवालदार म्हणाला, "तुझा माणूस तिसऱ्या दिवशी गेला. खलास." जहूरने गावी पत्र लिहिलं. इसाक माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला, शेवटचं पाणी मी पाजलं, आंघोळ घालून गुसल मी दिलं, खांदा मी दिला. ते पत्र मोहल्ल्यात घरोघर वाचलं गेलं. पाच वर्षांनी इसाकच्या आईने स्वतः होऊन धाकटी मुलगी जहूरला दिली. ती हवाबी.

झरीन रोज शाळा सुटल्यावर अडीच वाजता यायची आणि सासूला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. त्या दिवशीही लावला.

"जेवलाव काय? औषधा घेतलाव?" हवाबी पडद्यावरून विचारत होती. "झरीन, त्यांना सांभाळ गो. माझ्या भावाला त्यांनी सांभाळला, परक्या मुलखात. शेवटपर्यंत."

"माहीत आहे, अम्मा," झरीन म्हणाली आणि जहूरकडे वळून हसली. "तुमच्या मांडीवरच गेले ना मामा?"

 सगळा जोर लावून जहूरने जीभ फिरवली.

"हां," तो म्हणाला.

त्यानंतर व्यायामाला न्यायला कुणी आलं की तो डाव्या हाताने पलंगाची दांडी पकडून ठेवायचा. नर्स हळूच बोटं सोडवायची. "मागच्या खोलीत जायचं ना बाबा?" "हां." रोज हेच. तिथे त्याचे डोळे सारखे त्या कोपऱ्याकडे जायचे. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एसीच्या घरघरीखाली त्याला खोकला ऐकू यायला लागला. सुरुवातीला वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. पण बाहेरचा खोकला वेगळा आणि हा वेगळा. दोनदा कोरडा, आणि तिसरा छातीच्या तळातून ओढून काढलेला. प्रणाली मोजत असायची, "सात, आठ, शाब्बास काका," आणि तिला काहीच ऐकू येत नसायचं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी एक वाजून गेला होता. बाहेर ऊन असं की बागेत पाखरूसुद्धा हलत नव्हतं. जुहरची, दुपारची नमाज झाली होती आणि अर्धा स्टाफ विश्रांतीला गेला होता. प्रणालीने जहूरला खुर्चीत बसवलं, तेवढ्यात वॉर्डात कुणी म्हातारी पडल्याची ओरड आली.

"काका, दोन मिनिटं हं!" ती धावत गेली. काचेचं दार सरकत बंद झालं.

जहूर एकटा उरला. त्याने डाव्या हाताने चाक फिरवून दाराकडे जायचा प्रयत्न केला. एका हाताने खुर्ची सरळ जात नाही, ती जागच्या जागी गोल फिरली आणि त्याचं तोंड नेमकं कोपऱ्याकडे झालं.

खोकला आला. दोनदा कोरडा, मग तिसरा.

मग ठक.

 जहूरने डोळे घट्ट मिटले, कलमा म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "हां."

"जहूर," भिंतीतून आवाज आला. तरणा आवाज, गावाकडचा, अठ्ठेचाळीस वर्षांत जराही म्हातारा न झालेला. "तू हास काय?"

"हां."

"कडी काढ रे."

"हां."

"काढतोस ना?"

"हां, हां, हां..." त्याला ओरडायचं होतं, नाय, मना सोड, जा इथून. त्याने चाकाला जोराचा हिसका दिला. खुर्ची पुन्हा फिरली, पुढचं चाक उंचवट्यावर चढलं आणि खुर्ची कलंडली. जहूर तोंडावर पडला. गालाखाली उंचवटा, पन्हळ. आणि त्या पन्हळींतून थरथर येत होती, कुणीतरी दार आतून धडका मारून हलवावं तशी. आता पळायला जागाच नव्हती. तो डाव्या कोपरावर सरपटत भिंतीपाशी गेला आणि नखांनी गिलावा खरवडायला लागला.

"काढतो!" तो किंचाळला. "थांब इसाक! काढतो! काढतो!"

प्रणालीने व्हरांड्यातूनच ते ऐकलं. ती आत आली तेव्हा त्याच्या दोन बोटांची नखं उचकटली होती, भिंतीवर रक्ताचे ओघळ होते. "काका बोलले!" ती रडत, हसत ओरडत होती. "अहो, काका बोलले!" जहूरच्या डोळ्यांत काय आहे हे बघायला कुणाला सवड नव्हती.

गिलाव्याचा जो पोपडा पडला, त्याच्यामागे काळं पडलेलं लाकूड दिसत होतं. मॅनेजरने जुना नकाशा काढून पाहिला. जुन्या घरातल्या मागच्या खोलीचं दार तिथेच होतं, दुरुस्तीच्या वेळी भिंत घालून बुजवलेलं. इंडियन म्हाताऱ्याला ते कसं कळलं, याची नवी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टाफमध्ये पसरली. झाडूवालीने दुसऱ्याच दिवशी बदली मागून घेतली.

वाचा हळूहळू परत यायला लागली, तुटक तुटक. आठवडाभर जहूर झरीनला सांगत राहिला. लाँच, ताप, पिकअप, खोटं पत्र. कडीचं मात्र त्याने अर्धंच सांगितलं. काढली नाही, एवढंच.

  "अब्बा, अम्मांना नका सांगू," झरीन म्हणाली. "आता कशाला? त्यांचं अख्खं आयुष्य त्या एका गोष्टीवर गेलंय."

"तो... बोलवतो," जहूर म्हणाला. "रोज. इथे, पलंगापर्यंत... येतो आवाज."

"तो भास असतो, अब्बा."

"तुना भास. मना नाय." त्याने तिचा दुपट्टा मुठीत धरला. "लाव फोन. मी मरेन भीतीने. लाव."

तिने फोन लावला. जहूरने एकेक शब्द ओढून काढत सगळं सांगितलं, आणि झरीनला न सांगितलेलंही सांगितलं. त्या दुपारी कडी कोयंड्यात नीट बसलेलीच नव्हती. अर्धवट लटकत होती. इसाकने आतून दोन धक्के मारले असते तर दार उघडलं असतं, तो बाहेर आला असता, अर्बाबने त्याला पाहिलं असतं. म्हणून जहूरने हात वर केला, आणि कडी नीट आत बसवली. ठक. गाडी सुरू होईपर्यंत इसाक हाका मारत होता.

 हवाबीने फोन कुठेतरी उताणा ठेवला. मग कितीतरी वेळ गावच्या घराचं आढं आणि फिरणारा पंखा दिसत राहिला.  मग फोन बंद झाला.

नऊ दिवस तिचा फोन आला नाही. दहाव्या दिवशी तिने सकलैनला सांगितलं, "माझा तिकीट काढ." ज्या मुलखाने माझा भाऊ खाल्ला तो मुलूख मना बघायचा नाय, असं जन्मभर म्हणणारी बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून विमानात बसली.

ती आली ती नवऱ्याच्या पलंगाजवळ थांबली नाही. "खोली दाखव," ती प्रणालीला म्हणाली. दुपारचा एक वाजला होता. "आणि मना एकटीला राहू दे."

ती आत गेली, काच सरकली. जहूर बाहेर खुर्चीत बसून राहिला. आत काय होत असेल? तिला तो हाक मारेल काय? आपलं नाव घेऊन काय सांगेल? काचेला अर्ध्यापर्यंत पांढरा कागद चिकटवलेला होता, त्यावरून फक्त तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. तो हलत नव्हता. सव्वा तास जहूर त्या पदराकडे बघत होता. झरीनने आणलेलं पाणी तसंच राहिलं.

हवाबी बाहेर आली.

"ऐकलास... काय?" जहूरने विचारलं.

"काय नाय. एसी गुरगुरतो." ती भिंतीला टेकली, पट्टा सैल केला. "मना वाटला, भीती वाटेल. नाय वाटली. माझा भाऊ हाय तो, मना काय करेल? अंधारात त्याच्याच कुशीत निजायची मी." मग तिने पहिल्यांदा जहूरकडे पाहिलं. "मना तुमची भीती वाटते. इतकी वर्षा तुमच्या बाजूला निजले, आणि मना कळला नाय."

 

बागेतल्या एका म्हाताऱ्या माळ्याला प्रणालीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्या घरात गेलेल्यांना वादीच्या, त्या कोरड्या नदीच्या, पलीकडे पुरायचे. सकलैनने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना गाडीतून नेलं. पलीकडे उघड्या माळावर दगडांच्या ओळी होत्या, साठसत्तर तरी असतील, कुठल्याही दगडावर नाव नाही. त्यातला कुठला इसाकचा हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. हवाबी थोडी पुढे गेली, थोडी मागे आली, मग मध्येच उभी राहून तिने सगळ्यांसाठी मिळून फातिहा वाचला. जहूरने सकलैनला खुणेने सांगितलं, मला उभा कर. मुलाने बगलेत हात घालून त्याला धरलं. दुवा संपेपर्यंत तो उभा होता, आणि आपल्यामागे कुणी आलंय काय म्हणून तो दोनदा वळून बघत होता.

जूनच्या अखेरीस हवाबी त्याला गावी घेऊन आली. त्याला टाकेल असं सकलैनला वाटलं होतं. टाकलं नाही. माफ केलं असंही ती कधी म्हणाली नाही. त्याचा पलंग पडवीत टाकला, स्वतः आतल्या खोलीत निजायला लागली. औषध, जेवण, आंघोळ सगळं वेळेवर करायची, पण कामापुरतं बोलायची. मोहल्ल्यात कुणी जुनं पत्र काढून इसाकचा विषय काढला की म्हणायची, "तसा नाय झाला. त्यांनाच विचारा." आणि जहूरला सांगावं लागायचं.

प्रणालीचा झरीनला अधूनमधून मेसेज येतो. नवी झाडूवालीही म्हणते, कडी वाजते.

गावी जहूरला आवाज येत नाही. त्याला दुसरीच भीती असते. रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर, हवाबी पडवीत खुर्ची ओढते आणि भावाबद्दल एक गोष्ट विचारते. लाँचमध्ये त्याच्या पायात काय होतं. ताप आला तेव्हा आईचं नाव घ्यायचा काय. शेवटचं त्याला काय खावंसं वाटत होतं. खुर्ची फरशीवर घासली की जहूर डाव्या हाताने पलंगाची कड पकडतो. त्या दुपारच्या हाका तिने अजून विचारलेल्या नाहीत. एक दिवस ती विचारणार, हे त्याला माहीत आहे.

परवा ती येऊन बसली. 

"तिकडे कधी हसला काय तो?" तिने विचारलं.

जहूरने पुष्कळ आठवलं. "हसला," तो म्हणाला. "पहिल्याच सकाळी. कपडे वाळत घातले होते. दोघं... उघडे बसलो होतो वाळूत. बकऱ्या आल्या. त्याची लुंगी खाल्ली बकरीने. तो मागे धावला, उघडाच. मग पडला आणि... हसत राहिला."

हवाबीने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते त्याला दिसलं नाही. मग ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.